बॅग खाली टेकेपर्यंत

बायको बॅग हातात धरून दाराशी उभी होती, आणि नवरा ओट्यापाशी एप्रन बांधून संत्र्याशी झटापट करत होता. तिचा भाऊ खाली गाडी लावायला जागा शोधत होता. जागा मिळाली की तो वर येणार, बॅग उचलणार आणि बहिणीला कायमची घेऊन जाणार. या गल्लीत गाडीला जागा लवकर मिळत नाही, एवढाच काय तो संसाराला आधार उरला होता.

"पाचच मिनिटं," नवरा म्हणाला. "नाश्ता करून जा. बदामाच्या आकाराचा करतोय."

"मला भूक नाही. तुमचं चालू द्या."

एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. कालपासून अहो-जाहो सुरू झालं होतं. प्रकरण गंभीर आहे हे त्यानं त्यावरून ओळखलं. भरलेली बॅग त्याला नंतर दिसली.

स्वयंपाकघरातली छोटी यंत्रं गिऱ्हाइकांना चालवून दाखवणं ही त्याची नोकरी. मोठ्या दुकानात सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि घाईत निघालेल्या बाईला थांबवायचं. यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की नुसती बघणारी बाई कधीही निघून जाऊ शकते. पण बघता बघता तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, की ती आपली.

म्हणून आत्ता तो बायकोच्या तोंडाकडे बघतच नव्हता. बॅगेकडे बघत होता.

संत्र्याचा रस निघाला. बॅग हलली नाही. पावावर साचा दाबला, बदाम निघाला. बॅग या हातातून त्या हातात गेली.

"घ्यायचं नाही वहिनी, नुसतं बघायचं..." तो बोलून गेला.

"वहिनी?"

"सवय गं. तोंडात बसलंय."

"दिवसभर परक्या बायकांना फळांची फुलं करून दाखवता. मी तापानं फणफणले होते तेव्हा कपभर चहा मागितला. काय म्हणालात, आठवतंय?"

आठवत होतं. दिवसभर बोलून घसा बसलाय, असं तो म्हणाला होता. चहा करायला घसा लागत नाही, हे त्याला तेव्हा सुचलं नव्हतं.

"आता करतोय ना," तो म्हणाला आणि त्यानं फ्रिजमधून अंडं काढलं. अंड्याच्या चकत्या पाडायची तारांची चौकट समोर तयारच होती. सोलायला म्हणून त्यानं अंडं ओट्याच्या कडेवर आपटलं.

दुकानात अंडी उकडून, सोलून, ताटलीत मांडून येत. ती तशीच असतात, अशी त्याची समजूत असावी. पिवळा बलक मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तिथून एप्रनवर आणि एप्रनवरून फरशीवर. हातात टरफल धरून तो उभा राहिला.

"मला हे येत नाही," शेवटी तो म्हणाला. "मला यातलं काहीच येत नाही गं. जाऊ नकोस."

ती त्या बलकाकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला.

"अंडी उकडावी लागतात," ती म्हणाली. तिनं बॅग खाली ठेवली आणि ओट्यावरचं फडकं उचललं. "हो बाजूला. घसरशील."

घसरशील, म्हणाली. घसराल नव्हे. हे त्यानं ऐकायला हवं होतं. पण त्यानं ऐकला तो बॅग टेकल्याचा आवाज.

पिशवी टेकली की त्या बाईकडे पुन्हा बघायचं नसतं. ती आता कुठे जात नाही. नजर उचलायची, मागच्या गर्दीवर टाकायची आणि आवाज चढवायचा. त्याची मान आपोआप वर झाली.

"मागच्या ताई, अशा पुढे या!" तो फ्रिजला म्हणाला. "सुरी नको, विळी नको, बोटाला इजा नको! सफरचंद इथं ठेवायचं, वरून एकदा दाबायचं..."

"अरे, माझ्याकडे बघून बोल ना," फरशी पुसता पुसता ती खालून म्हणाली.

"शंका शेवटी, वहिनी, शंका शेवटी," तो प्रेमानं फ्रिजला म्हणाला आणि यंत्र दाबलं.

फडक्याचा आवाज थांबला. नळ सुटला, बंद झाला. दारावरची बेल वाजली. गर्दी वाढतेय असं वाटून त्यानं आवाज आणखी चढवला. सफरचंदाचं फूल उमललं. त्याच्या भोवती पावाचे बदाम मांडून, रसाचा पेला शेजारी ठेवून, त्यानं ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि मगच नजर खाली आणली.

फरशी लख्ख होती. फडकं धुऊन, पिळून नळावर वाळत घातलं होतं. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली खाली जात होता.

दारात मेहुणा उभा होता. बॅग त्याच्या हातात होती. खरं तर त्याला जायचं होतं, पण नजर ताटलीवरून हलत नव्हती.

"भावजी," तो हळूच म्हणाला, "हे फूल एका दाबात निघतं?"

आणि नीट बघता यावं म्हणून त्यानं बॅग खाली ठेवली.