भेटीचा दरवाजा

“इतिहासात एकेक शब्द तोलूनमापून लिहायचा असतो!” संग्रहालयाचे संचालक गरजले आणि खिळ्याऐवजी अंगठ्यावर हातोडी मारून बसले. कोरीव दरवाजाशेजारी पाटी एकदाची लागली: ‘गव्हर्नरसाहेबांना मिळालेली भेट’. साहेबांचे पणतूच उद्घाटनाला येत होते, गाडी फाटकात शिरलीही होती. तेवढ्यात संचालकांची आत्या कडाडली, “अरे, साहेबाच्या शिपायांनी हा आपल्या घरातून उखडून नेला. तुझे पणजोबा वर्षभर उंबऱ्यावर झोपून घर राखत होते. ही भेट?” “आत्या, हळू! पाहुणे दुखावले तर माझी नोकरी जाईल!” आत्याने संचालकांच्या नाकावरचा चष्मा उचलून पर्समध्ये टाकला. “भेट आवडली हो!” “भेट कसली? हिसकावलास तू!” संचालक ओरडले. “आता कसं बोललास! पाटीवर तेच लिही.” बाहेर गाडीचे दार वाजले. संचालकांनी पाटी उचकटली, उलटी केली, पेन काढले. “लिहितो, आत्या. पण तेवढ्यापुरता माझा चष्मा उसना देतेस?”