रुपयाचा पाळणा

केरबाच्या हिशेबानं बाबालाल एका खेपेला अठ्ठेचाळीस रुपये कमवत होता. पाळण्याला बारा पेट्या, पेटीत चौघं, तिकीट रुपया. आणि हे पैसे खरं तर केरबाचे असायला हवे होते, कारण उचगावच्या माळावरच्या या उरुसात आजवर पाळणा असायचा तो एकट्या केरबाचा.

केरबाचा पाळणा लाकडी. चार पेट्यांचा, हातानं फिरवायचा. तिकीट पंधरा पैसे. बाबालालचा लोखंडी, इंजिनावर चालणारा, दिव्यांच्या माळा लावलेला. यंदाच तो पहिल्यांदा कागलहून आला आणि नेमका समोर उभा राहिला.

पहिल्या दिवशी बाबालालचं तिकीट आठ आणे होतं आणि फेरे दहा. दुसऱ्या दिवशी बारा आणे, फेरे आठ. तिसऱ्या दिवशी रुपया झाला, फेरे पाचावर आले, आणि माळेतले निम्मे दिवे गेले ते कुणी बदललेही नाहीत. रांग मात्र तेवढीच.

फेरे केरबानं स्वतः मोजले होते. रोज संध्याकाळी आपला पाळणा बायकोवर, शालूबाईवर सोडून तो बाबालालच्या पाळण्यात बसायला जायचा. लबाडी पकडायला.

"केरबा, तुज्याकडनं काय पैसं घ्यायचं?" बाबालाल म्हणायचा. "एका धंद्यातली मानसं आपण. बस तसाच."

"मी फुकट्या न्हवं," म्हणून केरबा टेबलावर पैसे आपटायचा. बाबालाल ते उचलून डोळ्यांना लावायचा आणि मग डब्यात टाकायचा. केरबाला त्यात निव्वळ खवचटपणा दिसायचा.

आणखी एक गोष्ट त्याला सलत होती. बाबालालचं गिऱ्हाइकाशी बोलणं. "या मामू, बसा. खाला, पोरीला धरा." तिकीट फाडून हातात देताना प्रत्येकाला नात्यानं हाक. केरबा आजवर 'ए, पाय आत घे' यापलीकडं बोलला नव्हता. त्यानंही एकदा "या मामा" म्हणून पाहिलं, तर गिऱ्हाईक दचकून पुढं निघून गेलं.

उरुसाला घराघरांत पाहुणे उतरले होते. शालूबाईच्या भावाची पोरंही आली होती. त्यांच्याकडूनही केरबानं पंधरा-पंधरा पैसे वाजवून घेतले. धंद्यात नातं नाही, हा त्याचा नियम.

"बघ, बघ," तो शालूबाईला म्हणाला. "ती पिवळ्या झग्यातली पोर. काल बी आलती, परवा बी. आन तो छत्रीवाला म्हातारा. साखर महागली, रॉकेल महागलं म्हनून मानसं बोंबलत्यात, आन हितं रुपया मोजून फिरून फिरून येत्यात!"

"आपल्याकडं बी येत्यात की," शालूबाई चिल्लर कनवटीला लावत म्हणाली.

"आपल्याकडं येत्यात ती काय म्हनत्यात? तिकडं परवडत न्हाय म्हनून आलो. उष्टं खातोय आपण, उष्टं!"

"उष्ट्यानं बी पोट भरतंय."

पाचव्या दिवशी, म्हणजे उरुसाच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाबालाल चहा प्यायला केरबाच्या पालात आला. पोरीचं लग्न ठरलंय, पाळणा विकायचाय, म्हणाला. बिद्रीचा एक जण दुपारी यायचा होता.

"बिद्रीचा कोन?"

"हाय एक. तुला काय करायचंय?"

तो कोण, हे न कळताच केरबाला त्याचा राग आला. ती रांग, ते अठ्ठेचाळीस रुपये, आणि डब्यावर बसणार बिद्रीचा कुणीतरी! दुपार व्हायच्या आत त्यानं सौदा केला. दुभती म्हैस, शालूबाईची बोरमाळ, आणि वर आपला लाकडी पाळणा.

बोरमाळ काढताना शालूबाई म्हणाली, "अवं, रांग बघून जेवान ठरवताय व्हय? चव तरी बघा."

"रोज बघतोय की. पैसं देऊन बघतोय!"

"तिकीट किती ठेवू?" पाळणा ताब्यात घेताना त्यानं बाबालालला विचारलं.

"किती बी ठेव. रांगंवर फरक पडला न्हाय, तू डोळ्यानं बघितलंयस."

संध्याकाळी केरबानं इंजीन सुरू केलं आणि डबा पुढ्यात घेऊन बसला. माणसं यायची, रुपया ऐकायची आणि समोर जायची. समोर बाबालाल बाह्या सारून लाकडी पाळणा फिरवत होता, पंधरा पैशांत. तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. केरबानं बारा आणे केले. मग आठ आणे. इंजीन रिकाम्या पेट्या फिरवत तेल पीत होतं.

तेवढ्यात माळाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकाकडं केरबाचं लक्ष गेलं. गाठोडी चढत होती. पिवळा झगा दिसला, छत्री दिसली. केरबा धावतच गेला.

"या मामा! आज इकडं न्हाय आला? आठ आण्यातच बसवतो."

"मामाच हाय मी, बाबालालचा. सख्खा," म्हातारा हसला. "उरुसाला समदं गनगोत बोलावलं त्यानं. मटन घातलं, पाळण्यात बसवलं. आता निघालो संकेश्वराला."

केरबानं ट्रकाची फळी धरली. "म्हंजे ती रांग... आन पैसं?"

"घरच्या मानसाकडनं कोन घेतंय?" छत्री काखेला मारून म्हातारा ट्रकात चढला. पिवळ्या झग्यातली पोर केरबाकडं बोट दाखवून खुदकन हसली. म्हाताऱ्यानं तिला जवळ ओढलं आणि वरूनच म्हणाला, "भाईरचं तर दर ऐकूनच पळायचं. पैसं मोजून बसल्यालं मानूस चार दिसांत आमी एकच बघितलं. तुमास्नी."