पिठातला ठसा

बाबांना काउबॉयचे सिनेमे भयंकर आवडायचे. टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये तीस वर्षं डॉक्टरकी केली, तीही टोकदार काउबॉय बूट घालून. सिनेमाच्या शेवटी हीरो जखमी खांदा घेऊन घोड्यावरून निघाला, की सोफ्यावरून म्हणायचे, "खरा गडी मागे वळून बघत नाही."

मी मेडिकल सोडून घराबाहेर पडलो, तेव्हा त्यांनीही वळून बघितलं नाही. चार वर्षं एक फोन नाही. मी पोचलो तो थेट फ्युनरल होमला. आईने तेच बूट त्यांच्या पायात घातले होते. ते त्यांच्याबरोबरच जळाले.

दहाव्या दिवशी संध्याकाळी आईने हॉलमध्ये दिव्याशेजारी कुकी ट्रे ठेवला आणि त्यात तांदळाचं पीठ पसरलं. घरात टोपली नव्हती, म्हणून वर लाँड्री बास्केट पालथी घातली.

"सकाळी पिठात ठसा उमटतो. माणूस पुढे कुठल्या जन्माला गेला, ते कळतं."

"आई, प्लीज. टू थाउजंड फोर चालू आहे."

"मग तू नको बघूस."

सकाळी तिनेच मला हाक मारून उठवलं. बास्केट बाजूला होती. पिठात एका बुटाचा स्पष्ट ठसा होता, टोकदार, जाड टाचेचा.

आईने हात जोडले. "गेले. अगदी त्यांच्यासारखेच गेले, वळून न बघता."

मी खाली वाकून बघितलं.

बुटाची टाच बाहेरच्या दाराकडे होती. टोक, मी झोपलो होतो त्या खोलीकडे.