भिंतीकडची जागा

सुशीलाने मोबाइलवरून कपिंगचे कप मागवले, तेव्हा तिच्या नवऱ्याने, प्रभाकरने, आचऱ्याच्या नाक्यावर चहा पिता पिता सगळ्या मंडळींना हसवून बेजार केलं.

"पाठीक पेले चिकटवन दुखणा जाता म्हणे. उद्या टकलेक टोप लावतली."

कपांचा डबा मग शेजारणी नेऊ-आणू लागल्या. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे भाताचं पोतं उचलताना त्याचीच पाठ धरली. गोळ्या झाल्या, मलम झालं, शेवटी दाराला आतून कडी घालून तो बायकोपुढे मुकाट्याने पालथा पडला. कप निघाले तेव्हा पाठ जरा हलकी वाटत होती, पण तिच्यावर जांभळे गोल उमटले होते.

"ह्या कोणाक सांगू नको हां."

"मी कोणाचाच कोणाक सांगणय नाय," सुशीला म्हणाली.

सोमवारी देवळात अभिषेक होता आणि पुरुषांनी उघड्या अंगाने बसायचा रिवाज. प्रभाकरने भिंतीला पाठ लावून बसायचं ठरवलं. एरवी पुढच्या जागेसाठी भांडणारी मंडळी आज भिंतीकडेच का रेटारेटी करत होती, ते त्याला कळेना. तरी कोपराने वाट काढत त्याने शेवटची जागा पटकावली आणि निर्धास्तपणे समोर पाहिलं.



भिंत न मिळालेल्या एकूण एक पाठीवर जांभळे गोल होते, आणि पलीकडे त्यांच्या बायका खाली माना घालून बेल निवडत होत्या.