जखम भरायचे दिवस

"एकेकट्याला वेगळ्या पिंजऱ्यात नका ठेवू मॅडम, एकट्याची जखम लवकर भरत नाही," लॅबमधल्या उंदरांची देखभाल करणाऱ्या भाग्यलक्ष्मीअक्का म्हणाल्या होत्या. मी हसून सोडून दिलं. एकत्र ठेवले की ते एकमेकांच्या जखमा चाटतात आणि आमच्या प्रतिमा बिघडतात. आमचं काम एवढंच: कातडी न कापता, नुसता प्रकाश टाकून, जखम आतून किती भरली ते रोज बघायचं.

तीन आठवडे बघितलं. एकेकट्यांच्या जखमा खरंच रेंगाळल्या.

"सांगितलेलं की मी," अक्का म्हणाल्या.

दमून डबा उघडला आणि सवयीनं मोबाइलवर घरचा कॅमेरा लावला. तो पाळण्यावर रोखलेला असतो. आशय झोपला होता. पाळण्याच्या दोरीवर सासूबाईंचा हात होता, कुकरच्या वाफेनं भाजलेला. महिना झाला, अजून लालच. लॅबमध्ये त्रास नको म्हणून मी आवाज कायम बंद ठेवते. आज चालू केला.

"गौरी, दोडक्याच्या शिरा काढून ठेवल्यात गं चटणीला," त्या कॅमेऱ्याकडे बघून सांगत होत्या. "ऐकतेयस ना? बरं, काम कर तू."

साताऱ्याहून इथं बंगळूरला येऊन त्यांना पाच महिने झालेत. मला घरी पोचायला आठ वाजतील. तुम्ही सर्जापूर रोडला राहत असाल तर आमची बेल वाजवून बघाल का? बी विंग, चौदाशे दोन. मराठीत बोला.