पुठ्ठ्याची खोली

टेकायला गेली तर भिंतच हलली, तेव्हा सुनंदाच्या लक्षात आलं की खोली पुठ्ठ्याची आहे. नवा वॉर्ड कसा हवा, हे पेशंटना आणि त्यांच्या सोबत राहणाऱ्यांना विचारायला दवाखान्याने ती उभी केली होती.

व्हीलचेअरमध्ये तिची थोरली नणंद होती. अर्धांगवायू झाल्यापासून वन्संचं सगळं सुनंदाच करायची. दवाखान्यात असल्या की त्यांच्या खाटेखाली चटई टाकून निजायची. वन्संच्या तोंडून मात्र कधी बरा शब्द नाही. चहा गार होता, नाहीतर हिचे हात खरखरीत.

“मावशी, तुमची खाट खिडकीपाशी ठेवूया?” आर्किटेक्ट मुलीने विचारलं.

“हो, वन्संना उजेड लागतो,” सुनंदा सवयीने म्हणाली.

“तिने मला विचारलंय!” वन्सं फटकारून बोलल्या. मग चांगल्या हाताने त्यांनी खिडकीखालची जागा दाखवली. “तिथे हिची खाट घाला. खाली फरशी फार गार असते. रात्रभर कण्हते ही, मला ऐकू येतं.”

“आणि तुम्ही?”

“मला टाका कुठेही.”

मुलीने खिडकीखाली खडूने खाटेची चौकट आखली. “काकू, जरा आडव्या होऊन बघता? पुरेल ना?”

सुनंदा संकोचून, अंग चोरून त्या चौकटीत आडवी झाली.

“पाय पसर की नीट,” वन्सं खेकसल्या.

सुनंदाने पाय पसरले.