कंपाउंडरांचा फॉर्म्युला

फेस वर आला तसे कंपाउंडर दोन पावलं मागे सरकले आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याच्या चेहऱ्याने म्हणाले, "बघ!"

बाथरूमच्या दारात त्यांची मुलगी उभी होती. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, सुट्टीला माहेरी आलेली. तिच्यामागे कंपाउंडरीणबाई. बाईंनी जन्मात कधी एक गोळी कुटली नव्हती, पण नवऱ्याचा हुद्दा शेजाऱ्यांनी त्यांनाही परस्पर बहाल केला होता.

फरशीवर खाण्याचा सोडा, त्यावर व्हिनेगर. फस्स! फेस चढला, बसला. कंपाउंडरांनी वर पाणी ओतलं. फरशी आरशासारखी.

"बाई गं!" कंपाउंडरीणबाई म्हणाल्या. गेले आठ महिने त्या हे रोज म्हणत होत्या.

फरशी आरशासारखी असणारच. कंपाउंडर सकाळी फिरायला बाहेर पडले, की बाई गुडघे टेकून ती ब्रशने घासत. साबणाने, तोही बिनवासाचा. ॲसिड आणि ब्लीच घरात आणणं त्यांनी आपणहून बंद केलं होतं. त्यांचा वास दुपारपर्यंत घरभर नांदतो, आणि कंपाउंडरांचं नाक अजून शाबूत होतं. चोरी लगेच पकडली गेली असती.

एरवी त्या दोन बाटल्यांवर बाईंचा भारी जीव. दोन्ही एकदम ओतल्या की डाग पळतो, हे त्यांचं ठाम मत. गेल्या वर्षी डागाबरोबर त्याही जायच्या होत्या. दार लावून दोन्ही ओतल्या आणि चार दिवस इस्पितळात ऑक्सिजनवर काढले. डॉक्टर ओरडले. कंपाउंडरांनी हात जोडले, "अगं, विषारी वायू होतो त्याचा. ब्लीचमध्ये काही म्हणजे काही मिसळू नकोस." बाई घरी आल्या आणि खोकत खोकत म्हणाल्या, "वीस वर्षं मिसळतेय. तेव्हा कुठे गेला होता तुमचा वायू?" पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा मिसळलं. डॉक्टरांचा मान राखून, खिडकी उघडी ठेवून.

त्यानंतर कंपाउंडरांनी हा फॉर्म्युला काढला. दवाखाना बंद झाल्यापासून खिडकीशी मुकाट बसून राहणारा माणूस शीळ घालत व्हिनेगर मोजायला लागला. फॉर्म्युल्याने डाग तसूभर हलला नाही. पण नवरा हलला. बाईंनी मुकाट्याने ब्रश हातात घेतला.

आणि आता ही पोरगी सगळ्यावर पाणी ओतणार.

"आई, अगं, ही दोन्ही एकमेकांना—"

बाईंनी तिला सणसणीत चिमटा काढला. तेवढ्यापुरती ती गप्प बसली. पण हाडाची मास्तरीण! दुपारी तिने बापाला गॅलरीत गाठलंच. बाई दाराआड श्वास रोखून उभ्या राहिल्या. संपलं. आता हा माणूस परत खिडकीशी जाऊन बसणार.

"बाबा, सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात. मागे उरतं ते नुसतं खारट पाणी. त्याने काय डाग जाणार?"

"चाळीस वर्षं औषधं कालवली मी," कंपाउंडर म्हणाले. "मला शिकवतेस?"

"मग रोज हा तमाशा कशाला?"

"हळू बोल. तुझी आई माझ्याआधी साबणाने घासून ठेवते. मला वास येऊ नये म्हणून मुद्दाम बिनवासाचा आणते. आठ महिन्यांत एकदाही खोकली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर फिरायला गेले, तेव्हा बाईंनी फरशी रोजच्यासारखीच घासली. फक्त फेस वर आला, तेव्हा "बाई गं!" जरा जास्तच मोठ्यांदा म्हणाल्या.